आठवा खंड कपाटातच होता

अप्पा,

आठवा खंड वाचनालयात होता. कपाटात, सातव्याची मोकळी जागा सोडून, नवव्याला टेकून उभा होता. कुणी नेलेला नव्हता. मी तुम्हाला सांगितलं होतं, "कुणीतरी नेलाय, परत आला की आणते." तुम्ही म्हणालात, "बरं. येऊ दे." आणि डोळे मिटलेत.

एवढं एक तुम्हाला सांगायचं राहून गेलं. बाकीचे सगळे येऊन तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेले. उदगीरहून दुकानातली जुनी माणसं आली, गल्लीतली आली, यांच्या कचेरीतली आली. कुणी म्हणालं, अप्पांनी मापात कधी बोटभर कापड मारलं नाही. कुणी म्हणालं, अप्पांचा आवाज कधी चढला नाही. सगळं खरं. मी चहाचे कप घेऊन उभी असायची, आणि माझ्याकडं बघून ती म्हणायची, या सुनेनं फार केलं हो त्यांचं. ते ऐकलं की मी आत निघून जायची. त्यांना वाटायचं, रडू आवरेना म्हणून गेली. मला रडू येतच नव्हतं.

आपल्या लिंगायत रीतीनं तुम्हाला विभूती लावून, बसवून नेलं, तेव्हा तुम्ही अगदी दुपारी ऐकायला बसायचात तसे दिसत होतात. मान जराशी एका अंगाला, डोळे मिटलेले. मला वाटलं, आता म्हणाल, "झोपलो न्हाई मी. वाच तू."

आपण उदगीर सोडून लातूरला आलो ते जिल्ह्यामुळं. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या उघडल्या, तुमच्या लेकाला कलेक्टर कचेरीत नोकरी लागली. वर्षभरानं तुम्ही दुकान पुतण्याच्या हवाली केलंत आणि अव्वांना घेऊन आमच्याकडं आलात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तो काढायचा म्हणून आलात असं सगळ्यांना सांगायचात. पण त्या साली पाऊसच झाला नाही, कचेरीत माणसं टंचाईच्या कामाला जुंपली गेली, यांना जीपमधून गावोगाव टँकर बघत फिरायची पाळी आली, आणि तुमचा डोळा आज-उद्या करत राहून गेला. लातुरात तुम्हाला करमेना. उदगीरला तुमच्या गादीवर दिवसभर माणसं यायची. इथं तुम्ही पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला रामराम घालायचात आणि लोक गोंधळून बघायचे. एकदा मला म्हणालात, "इथं मी कुणाला कापड मोजून देत न्हाई, म्हणून मला कुणी ओळखत न्हाई." मी तेव्हा हसले होते.

तो पहिला खंड मी माझ्यासाठी आणला होता. दिवाळी नुकतीच झाली होती, दिवाळी म्हणजे काय, अव्वांनी चार करंज्या केल्या होत्या तेवढीच. मागच्या अंगणात भिंतीलगत ऊन यायचं, तिथं पोतं टाकून मी वाचत बसले होते. तुम्ही खाट ओढत उन्हाला आणलीत आणि विचारलंत,

"काय वाचायलीस?"

"इतिहासाची गोष्ट आहे अप्पा. दहा खंड आहेत."

"कुणाचा इतिहास?"

"आपल्याच भागातला. बहामनी राज्य मोडलं तेव्हाचा. सरहद्दीवरचा एक किल्ला आहे, त्याची गोष्ट."

तुम्ही हात पुढं केलात. मी पुस्तक दिलं. तुम्ही ते नाकाजवळ नेलंत, बोट ठेवून पहिली ओळ लावलीत, एकेक अक्षर, आणि परत दिलंत. तुमची शाळा निजामाच्या वेळची, सगळी उर्दूत झालेली. उर्दू वर्तमानपत्र तुम्ही झरझर वाचायचात, मराठी मात्र दुकानाच्या पाट्यांपुरतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, डोळ्यांमुळं लागत नाही.

"मोठ्यानं वाच की जरा," तुम्ही म्हणालात. "मलाबी कळू दे."

मी डोक्यावरचा पदर सारखा करून वाचायला लागले. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण तुमच्यापुढं 'चहा ठेवलाय' आणि 'जेवायला वाढू का' याच्यापलीकडं मी बोलले नव्हते. अव्वांनी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. "सुनेनं सासऱ्यापुढं बसून पुस्तक वाचायचं? हे मुखेडचं वळण हाय काय?" माझ्या माहेरावर आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती वाचती, मी ऐकतो. यात कुणाचा काय गुन्हा हाय? तूबी बस." अव्वा बसल्या नाहीत. पण पुन्हा काही बोलल्याही नाहीत.

तिथून आपण दोघं त्या किल्ल्यात राहायला गेलो म्हणा ना. रोज दुपारची भांडी आवरली की मी पुस्तक घेऊन यायची आणि तुम्ही आधीच खाटेवर बसलेले असायचात, गळ्याला मफलर गुंडाळून. बयाजी किल्लेदार, त्याची बायको सगुणा, त्याचा जिवाभावाचा हबशी सरदार, खाली छावणी टाकून बसलेला वजीर. पहिले दोन खंड मी वाचायची आणि तुम्ही ऐकायचात. तिसऱ्यात दरबार आला, आणि वजिराचं एक वाक्य मी वाचलं तसे तुम्ही हसायला लागलात.

"असं कुणी बोलत न्हाई पोरी. बादशहापुढं असं तोंड उघडलं तर मुंडकं ऱ्हाईल का? लिहिणाऱ्याला उर्दू येत न्हाई."

"मग कसं बोलतील?"

तुम्ही खाटेवर ताठ बसलात, उजवा हात छातीशी नेलात, मान झुकवलीत आणि अशा काही आवाजात ते वाक्य म्हणालात की माझ्या अंगावर काटा आला. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवणारा माणूस तो नव्हताच. तेव्हापासून ठरूनच गेलं. वर्णन मी वाचायचं, बायकांचं बोलणं मी वाचायचं, दरबार आला की मी मराठीत सांगायचं आणि तुम्ही ते उर्दूत बोलायचं. शेजारच्या घरातली बाई भिंतीवरून डोकावून विचारायची, "अप्पांकडं पाहुणे आलेत काय हो?"

अप्पा, खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हिवाळा तोच. हे लिहितानाही शरम वाटते. त्या साली शिवारात ज्वारी नव्हती, हुरड्याला कुणी कुणाला बोलावलं नाही. मांजरा नदी कोरडी पडली होती. गल्लीत टँकर येईल तेव्हा येईल, त्याच्या भरवशावर बायका घागरी रांगेला लावून दिवस काढत होत्या. हे संध्याकाळी घरी यायचे ते पापण्यांवर धूळ घेऊन. जेवताना सांगायचे, अमुक गावची माणसं गुरं घेऊन निघाली, तमुक गावात विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतात. मी वाढत असायची आणि माझ्या डोक्यात चाललेलं असायचं की सगुणाबाईला माहेरचा निरोप पोचला असेल का. एकदा तुम्ही जेवता जेवता मला विचारलंत, "टाक्यात पाणी किती राहिलं म्हणाली होतीस?" यांनी दचकून विचारलं, "कुठल्या टाक्यात?" मी म्हणाले, "किल्ल्याच्या." यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी दिवसभर पाण्यावाचून मरणारी माणसं बघून येतो आणि तुम्ही दोघं पाचशे वर्षांपूर्वीच्या टाक्यातलं पाणी मोजताय." तुम्ही मान खाली घातलीत. मी पण. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आपण पुन्हा तिथंच होतो, आणि मला आठवतं, पुस्तक उघडताना तुम्ही चोरट्यासारखं हसला होतात.

सहाव्या खंडात वेढा पडला. सातव्यात टाकं आटत गेलं. आपला वाद तिथून सुरू झाला. वजिरानं निरोप पाठवला होता की दार उघडा, कुणाच्या केसाला धक्का लावणार नाही. बयाजी उघडील का नाही, यावर आपण किती दिवस भांडलो. मी म्हणायची, तो उघडणार नाही, किल्लेदार आहे तो, त्यानं शब्द दिलाय.

"किल्लेदार हाय म्हणूनच उघडंल," तुम्ही म्हणायचात. "टाक्यात चिखल राहिला. लेकरं ओठ चाटायलीत. दगडाचं इमान राखायचं का माणसाचं?"

"पण शब्द?"

"शब्द पिता येतो का?"

"मग ती गद्दारी झाली, अप्पा."

"हाव. झाली. होऊ दे की." तुम्ही शांतपणे म्हणालात. मग, माझ्याकडं न बघता, तुम्ही बोलायला लागलात. "आमच्या दुकानाच्या दाराला आतून अडसर हुता, लाकडाचा. रझाकारांच्या गडबडीच्या साली एकदा दार वाजलं. मी एकलाच आत हुतो. बाहेरून मला हाक मारली. नावानं, पोरी. नाव घेऊन. मी अडसराला हात लावला..."

तुम्ही थांबलात. मी "हं" म्हणाले. माझं बोट पानात होतं. मी मनातल्या मनात पुढच्या प्रकरणाचं नाव वाचत होते. तुम्ही माझ्या बोटाकडं बघितलंत, म्हणजे मला आता वाटतं की बघितलंत, आणि म्हणालात, "वाच तू."

मी वाचायला लागले. 'मग काय झालं' असं विचारलं नाही. कोण होतं दारात, मित्र होता का कुणी अडलेला, तुम्ही अडसर काढलात का तसाच राहू दिलात, काही विचारलं नाही. पुस्तकातल्या दाराची मला इतकी काळजी लागली होती की तुमच्या दारापर्यंत मी आलेच नाही. तुम्ही त्यानंतर ती गोष्ट पुन्हा काढली नाहीत.

मग ती दुपार. अव्वा उदगीरला पुतणीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. सातव्या खंडाची शेवटची पानं राहिली होती आणि वाचता वाचता तुमचा डोळा लागला. आपल्यात ठरलेलं होतं की कुणी पुढं जायचं नाही. तुम्हाला जाताच येत नव्हतं, तेव्हा ते माझ्यापुरतंच होतं. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही घोरत होतात, आणि मी मनात वाचत पुढं गेले. बयाजीनं किल्ली कमरेला लावली. तो पायऱ्या उतरायला लागला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला.

तुम्ही जागे झालात. "पोरी, टँकर आला."

"आले अप्पा. एवढं पान."

मी मान वर केली नाही. तुम्ही उठलात, मोरीजवळची घागर घेतलीत, हे मला ऐकू आलं. घागर दगडावर वाजली, त्या आवाजाचा अर्थ मला कळत होता. तरी मी पान पुरं केलं. पान पुरं झाल्यावर खंडाचं शेवटचं अर्धं पानही वाचलं. मग बाहेर गलका झाला आणि कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं.

सांडलेल्या पाण्यानं चिखल झाला होता, रेटारेटी झाली होती, आणि तुम्ही पडला होतात. घागर कुणीतरी तुमच्या शेजारी नीट उभी करून ठेवली होती. तुम्ही मला बघितलंत आणि पहिलं वाक्य काय म्हणालात, तर "पाणी सांडलं गं." 

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी या वयात उपाय नाही म्हणून सांगितलं, पायाला वजन बांधून खाटेवर निजवलं. संध्याकाळी हे धावत आले. "तुम्ही कशाला गेलात पाण्याला? शैला कुठं होती?" मी दाराशी उभी होते. माझ्या तोंडातून शब्द यायच्या आत तुम्ही म्हणालात, "ती भाकऱ्या थापत हुती. हात पिठाचे हुते तिचे. मीच म्हनलं, तू ऱ्हाऊ दे, मी बघतो."

मी माझ्या हातांकडं बघितलं. तुम्ही इतक्या सहज मला वाचवलंत की मी वाचले, आणि ते मला फार जड गेलं.

त्या दिवसापासून मी पुस्तकाला शिवायचं नाही असं ठरवलं. सातवा खंड वाचनालयात परत देऊन आले, तेव्हाच कपाटात आठवा दिसला. मनाशी म्हटलं, या वाचनानंच घात केला. आता तुमची सेवा करायची, पाणी भरायचं, अंग पुसायचं, वेळेवर औषध द्यायचं. आणि ते सगळं मी केलं, कुणी नावं ठेवणार नाही असं केलं. मला वाटत होतं, मी माझं प्रायश्चित्त घेतेय.

चार-पाच दिवसांनी दुखणं जरा कमी झालं तसं तुम्ही विचारलंत, "सातव्यातलं शेवटचं राहिलं न्हवं? काय केलं त्यानं?"

"किल्ली घेतली आणि दाराकडं निघाला. तिथं खंड संपला."

"उघडलं का?"

"ते आठव्यात आहे."

"मग आण की आठवा."

आणि मी म्हणाले, कुणीतरी नेलाय.

का म्हणाले? तुम्हाला सरळ सांगता आलं असतं की अप्पा, मला पुस्तक हातात घेववत नाही. तुम्ही काहीतरी बोलला असतात, आपण दोघं त्यातून बाहेर पडलो असतो. पण मग त्या दुपारचं बोलणं निघालं असतं, आणि ते मला नको होतं. पुढं तुम्ही दोनदा विचारलंत, "आला का गं तो?" मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं नाहीत. दिवसभर तुम्ही वरच्या पत्र्याकडं बघत पडून असायचात. हलता येत नव्हतं, त्या डोळ्यांनी निजून वर्तमानपत्रही वाचता येत नव्हतं, उदगीरचं कुणी रोज येणारं नव्हतं. अंगणातलं ऊन खिडकीतून तुमच्या पायांपर्यंत यायचं आणि परत जायचं. तुमच्याजवळ त्या हिवाळ्यात एकच गोष्ट होती, ती माझ्या तोंडातून यायची होती, आणि मी तोंड बंद करून तुमचे पाय दाबत होते. प्रायश्चित्त मी घेतलं, अप्पा, आणि उपास तुम्हाला घडला.

शिवरात्रीच्या आधी तुमच्या छातीत कफ झाला. मग फार दिवस लागले नाहीत.

तुम्ही गेल्यावर वाचनालयातले ग्रंथपाल भेटायला आले. सुरुवातीला मी खंड बदलायला जायची तेव्हा तुम्ही पाय मोकळे करायला माझ्याबरोबर यायचात आणि त्यांच्याजवळ बसून उर्दू वर्तमानपत्र वाचून दाखवायचात, तेव्हाची तुमची ओळख. ते थोडा वेळ यांच्याशी बोलले, मग निघताना दारात मला म्हणाले, "तुम्हाला माहीत नसेल. मी मध्ये एकदा येऊन गेलो होतो अप्पांकडं. तुम्ही पाण्याला गेला होता. त्यांनी मला विचारलं, आठवा खंड हाय का हो? मी म्हटलं, आहेच की, कपाटातच आहे, उद्या पाठवून देतो. तर म्हणाले, नको, नको. ती आणंल तवा आणंल."

मी चौकटीला धरून उभी राहिले. ते म्हणाले, "तुमचं वाचन राहून गेलं वाटतं मग." मी हो म्हणाले.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी खोटं बोलतेय हे ठाऊक असून तुम्ही मला पाय दाबू दिलेत, माझ्या हातचं पाणी प्यालात, "बस झालं पोरी, दमलीस" म्हणालात. दोनदाच विचारून थांबलात ते म्हणूनच. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं.

परवा अव्वा अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. टँकरचं, पानाचं, आठव्या खंडाचं. मला वाटलं होतं, त्या सूप बाजूला टाकून मला माहेरी पाठवतील. त्यांनी निवडणं थांबवलं नाही.

"हात पिठाचे," त्या म्हणाल्या. "भर दुपारच्याला भाकऱ्या कोण थापतं गं? मी उदगीरहून आले, ऐकलं, मला तवाच कळलं. ते आडवे पडून खोटं बोलायलेत आणि तू मुकी."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"बोलून हाड जुळलं असतं का?" त्यांनी एक खडा वेचून फेकला. "आन् पान्याचं मनाला लावून घिऊ नको. ते पान्याला जाणारच हुते. उदगीरलाबी मला कधी हापशावर जाऊ दिलं न्हाई. लोक हासायचे त्यान्ला. पण पुस्तकाचं खोटं कशाला बोललीस?"

मी सुपातले दाणे एका कडेला सारायला लागले.

"रोज मला इचारायचे," अव्वा म्हणाल्या. "तिचं तोंड कसं हाय आज? हासली का? मी म्हनायची, तुमाला काय करायचंय? तर म्हनायचे, हासली की वाचंल."

मग मी धीर करून विचारलं की अव्वा, रझाकारांच्या वेळी दुकानाचं दार कुणी वाजवलं होतं? अप्पांनी उघडलं होतं का?

"कसलं दार?"

मी तुम्ही जेवढं सांगितलं होतं तेवढं सांगितलं. त्यांचे हात पहिल्यांदा थांबले. "मला न्हाई ठावं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार केला. मला कधी न्हाई सांगितलं." आणि माझ्याकडं अशा बघत राहिल्या की जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून नेलंय आणि कुठं ठेवलं ते विसरलेय.

तुम्ही ती गोष्ट आयुष्यात एकदाच काढलीत. माझ्यापुढं काढलीत. आणि मी "हं" म्हणाले. याच्यावर काही उपाय नाही, हे मला समजतं. पडलात ते, खोटं बोलले ते, त्याच्यासाठी निदान मनात तुमची माफी मागता येते, तुम्ही ती द्याल असंही वाटतं. पण त्या दाराशी जे कुणी उभं होतं त्याची माफी मी कुठं मागू? त्याचं नाव तुमच्याबरोबर गेलं.

काल मी वाचनालयात गेले आणि आठवा खंड आणला. नववाही आणला. आज जेवणं झाल्यावर भिंतीलगत पोतं टाकून बसले. ऊन आता चटका देतं, उन्हाळा लागला आहे. तुमची खाट आत उभी करून ठेवली आहे. मी ठरवलं होतं, तुमच्यासाठी म्हणून वाचायचं, हळूहळू, एकेक ओळ तुम्हाला सांगितल्यासारखं.

बयाजीनं दार उघडलं, अप्पा. तुमचं खरं झालं. पहिल्याच प्रकरणात उघडलं. वजिरानं शब्द पाळला, बायका-पोरं नदीवर गेली, पाणी प्याली. बयाजीला मात्र त्याच्याच माणसांनी सोडलं नाही. पुढं पुष्कळ आहे, सगुणाबाई पोराला घेऊन रानात उतरते, हबशी सरदार उलटतो असं वाटतं आणि उलटत नाही. तुम्हाला तो सरदार आवडायचा, म्हणून आधी सांगते.

पण आता जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे. हे सगळं वाचताना मला तुमची आठवण यायला पाहिजे होती. पहिलं पान वाचेपर्यंत आली. त्यानंतर नाही आली. दार उघडलं तेव्हा मी तुमच्याशी वाद हरले हेसुद्धा मला सुचलं नाही, मी नुसती पुढं पुढं धावत राहिले. सावली अंगावरून सरकून भिंतीवर गेली तरी मला कळलं नाही. अव्वांनी दोन हाका मारल्या म्हणे. मी आठवा संपवला आणि नवव्याला हात घातला, आणि तेव्हा कुठं लक्षात आलं की घर फार शांत आहे. मग तुम्ही नाही हे आठवलं. जसं काही मला तेव्हाच कुणी येऊन सांगितलं. तुम्ही गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले ती तिथं, पोत्यावर बसून, इतकी की अव्वा हातातलं काम टाकून आल्या.

एखादं माणूस जाऊन महिनासुद्धा झाला नाही आणि त्याला अख्खी दुपार विसरून जायचं, याला काय म्हणावं मला माहीत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गुन्हा काय झाला त्यात. पण तुम्ही माझी बाजू घेणारच.

दहावा खंड अजून वाचनालयातच आहे. तो मी आणणार आहे. आणि तो वाचतानाही मी तुम्हाला विसरणार आहे, हे मला आजच ठाऊक आहे. त्याची माफी आताच मागून ठेवते.

तुमची,
शैला